लाकडी सर्कस आणि तिचे बेनाम कारागीर

जुन्या लाकडी जनावरांचा नाद मला लागून आता बारा-तेरा वर्षं झाली. सुरुवात एका हत्तीपासून झाली. वरोऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे शाळेसाठी लोखंडी रॅक बघायला गेले होते. तिथे मोडक्या पाळण्याखाली तो पडला होता. वीतभर उंची, सोंड अर्धी तुटलेली, पाठीवर लाल झूल रंगवलेली आणि पुढचा एक पाय उचलून गोल चौरंगावर ठेवलेला. त्या चौरंगामुळेच माझी नजर अडली. मिरवणुकीतल्या हत्तीला झूल असते, अंबारी असते, पण त्याच्या पायाखाली चौरंग कुणी ठेवत नाही. चौरंगावर पाय ठेवून उभा राहतो तो सर्कशीचा हत्ती. म्हणजे ज्याने हे लाकूड कोरलं त्याने कधीतरी, कुठल्यातरी तंबूत तिकीट काढून हत्ती पाहिला होता, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं होतं. वीस रुपयांना तो मी घरी आणला. रॅक राहूनच गेला.

त्यानंतर एक वाघ आला, दोन घोडे, एक उंट, उभं राहिलेलं अस्वल, आणि बैल तर बरेच. बाजाराच्या दिवशी भाजी घेता घेता मी भंगाराच्या ढिगाकडे बघते हे आता सगळ्यांना माहीत झालंय. एक बाई तर मला बघितलं की हाक मारतात, "मॅडम, तुमच्यासाठी काही ठेवलं हाये, पण हे तुमी कायले घेता ते सांगा पहिले!"

हा 'कायले' मला दोन बाजूंनी विचारला जातो. आमच्या नात्यातल्या एक वडीलधाऱ्या खाला कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बेटी, मुसलमान के घर में ये बुत काहे को?" आणि माझ्याच ओळखीच्या एका शिक्षकांनी, अगदी चांगल्या मनाने, विचारलं, "पोळ्याचा बैल तुम्ही जमवता, पण तुमच्यात पोळा असतो का?" एकीला वाटतं हे आपलं नाही, दुसऱ्याला वाटतं हे तुमचं नाही. दोघांच्या मते या लाकडी जनावरांचा माझ्याशी संबंध नाही. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

आधी खालांचं. तसवीर आणि मूर्तीबद्दल इस्लाममध्ये कडक भूमिका आहे, ती मी नाकारत नाही. पण मुलांच्या खेळण्याची गोष्ट वेगळी आहे, हे मी नवीन सांगत नाही. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात हजरत आयेशांच्या बाहुल्यांचा प्रसंग आहे. त्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. पैगंबरांनी विचारलं की घोड्याला कुठे पंख असतात का. त्यावर हजरत आयेशांनी सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला, आणि हुजूर हसले. बहुतेक फकिहांनी या आधारावर मुलांच्या खेळण्यांना सूट दिली, काहींनी दिली नाही. मतभेद आहे, आणि तो मान्य करूनच मी बोलते. पण त्या घरात एक खेळण्यातला घोडा होता, एवढं तरी आपल्याच पुस्तकांत लिहिलेलं आहे.

गंमत म्हणजे हा पेच फक्त आपल्याकडेच होता असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कर्मठ ख्रिस्ती घरांत रविवारी मुलांना खेळायला बंदी असे. इतर खेळणी पेटीत बंद होत. अपवाद एकाच खेळण्याचा, नूहच्या किश्तीचा. लाकडी जहाज आणि त्यात जोडीजोडीने उभी केलेली लाकडी जनावरं. ती बायबलमधली, म्हणून चालत. हजरत नूहांची किश्ती आपल्यालाही परकी नाही. हत्ती, वाघ, उंट, माकड अशी दूरदेशीची जनावरं तिथल्या मुलांच्या हातात आधी आली ती या किश्तीतून. सर्कशीची खेळणी त्यानंतरची.

ही किश्तीची जनावरं बनायची जर्मनीत, एर्झगेबिर्गे नावाच्या डोंगराळ भागात, झायफेन आणि आसपासच्या गावांत. तिथे कथिलाच्या खाणी होत्या. खाणी संपत आल्या तेव्हा खाणकामगार आणि त्यांची बायकामुलं लाकडी खेळण्यांकडे वळली. (माजरीच्या आणि भद्रावतीच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा लोकांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावं.) त्यांची करामत अशी की जनावर एकेक करून कोरायचंच नाही. ओल्या लाकडाचं एक मोठं कडं खरादावर फिरवायचं आणि आतून-बाहेरून असं कातायचं की ते कडं कुठेही कापलं तरी कापलेल्या तोंडावर घोड्याचा आकार दिसावा. मग केक कापावा तसे त्या कड्याचे काप काढायचे. एका कड्यातून डझनावारी घोडे, दुसऱ्यातून हत्ती. नंतर सुरीने कान, पाय, शेपूट नीट करायचं आणि रंगवायचं. कातणाऱ्याला काम करताना जनावर दिसत नाही. ते दिसतं काप पडल्यावर. एवढा अंदाज हाताला यायला आयुष्य जात असणार.

सर्कशीची लाकडी जनावरं जगभरात गाजवली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या शोनहट कंपनीने. अल्बर्ट शोनहट मूळचा जर्मन, खेळणी करणाऱ्या घरातला. पोरवयात अमेरिकेत आला आणि १८७२ मध्ये लहान मुलांचे पियानो बनवायला लागला. १९०३ मध्ये त्याच्या कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी सर्कस' बाजारात आणली. लाकडी जनावरांचे आणि विदूषकांचे सांधे आतून ताणलेल्या लवचिक दोरीने जोडलेले. त्यामुळे हत्तीला डोक्यावर उभं करता येई, विदूषकाला शिडीवर टांगता येई. त्यांच्या पायांत आणि हातांत खाचा असत, त्या शिडीच्या दांडीत अडकत. कंपनी १९३५ मध्ये बुडाली, पण ही जनावरं जमवणारे लोक आजही आहेत आणि त्यांचं ज्ञान थक्क करणारं आहे. जनावराचे डोळे काचेचे असतील तर ते आधीचं, रंगवलेले असतील तर नंतरचं. कोणत्या वर्षी कोणता प्राणी संचात आला, कोणाचा आकार कधी लहान केला, हे सगळं त्यांना कंपनीच्या छापील याद्यांवरून सांगता येतं.

मी माझ्या हत्तीकडे बघते तेव्हा मला हेवा वाटतो तो याचा. शोनहटच्या हत्तीला मालकाचं नाव आहे, पेटंट आहे, यादी आहे. माझ्या हत्तीच्या पोटाखाली काहीच नाही. खिळ्याचं एक भोक आणि कुणा मुलाने दाताने चावल्याच्या खुणा.

पण आपल्याकडे सर्कस नव्हती असं नाही. उलट हिंदुस्तानी सर्कस जन्मली ती मराठी मुलखातच. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला गेले, तिथे बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले आणि पुढे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे उस्ताद झाले. १८७९ मध्ये जुझेप्पे किआरिनी याची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. हिंदुस्तानी माणसांना सर्कस जमायला वेळ लागेल, असं किआरिनी म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, अशी गोष्ट सांगतात. २० मार्च १८८० रोजी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला. पुढे हीच सर्कस केरळात तलशेरीला गेली, तिथे कीलेरी कुन्हीकन्नन या कसरत शिकवणाऱ्या गुरूंशी छत्र्यांची गाठ पडली. त्यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली. म्हणून आज सर्कस म्हटलं की लोकांना मल्याळी माणूस आठवतो, पण बीज इथलं.

हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. त्यातला एक धागा मात्र पटकन सांगितला जात नाही. ग्वाल्हेरला छत्रे फक्त घोडे शिकले नाहीत, हद्दू खांसाहेबांकडे गाणंही शिकले. हद्दू खां म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचे खांब. त्यांच्या मुलाचं, रहिमत खांचं, वडील आणि भाऊ गेल्यावर डोकं ठिकाणावर राहिलं नाही. अफूच्या नादात ते बनारसमध्ये हाल काढत होते. छत्र्यांना ते तिथे सापडले आणि गुरुपुत्र म्हणून त्यांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर घेतलं. मग वर्षानुवर्षं एकाच मुक्कामावर वाघाच्या डरकाळ्याही होत्या आणि रहिमत खांचा ख्यालही होता. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गायकावर त्यांच्या गायकीची छाप पडली. छत्रे गेल्यावर त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी खांसाहेबांना सांभाळलं. १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच ते वारले. एका चित्पावन ब्राह्मणाच्या सर्कशीने एका मुसलमान गवयाला मरेपर्यंत आसरा दिला, आणि त्या गवयाने मराठी मुलखाच्या कानावर संस्कार केले. गंगा-जमनी तहजीब हा शब्द भाषणात ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय. मला तो कळतो तो अशा प्रसंगातून.

रहिमत खांचं नाव राहिलं, कारण त्यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या, शागीर्द होते, लिहिणारे होते. त्याच तंबूत हत्तीला चारा घालणाऱ्याचं, घोड्याला खरारा करणाऱ्याचं, वाघाचा पिंजरा धुणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे माझं लक्ष आधी जातं. सर्कशीतले शब्द बघा. चाबूक फारसी. लगाम, जीन, रिकीब फारसी-अरबी. वस्ताद म्हणजे उस्ताद. तालीम हा अरबी शब्द, उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत तो थेट आखाडाच झाला. कसरत अरबी, मूळ अर्थ विपुलता, पुन्हा पुन्हा करणं, आणि त्यातून व्यायाम. अंबारी आणि हौदा तिकडचे. आणि सर्वांत मजेचं म्हणजे 'जनावर' हा शब्दच फारसी आहे, जानवर, ज्याच्यात जान आहे तो. ज्यांच्याकडून शब्द आले त्यांचे हात त्या कामात होते, एवढं तर मानायला हरकत नसावी. घोडेस्वारी शिकवणारे, नालबंद, हत्ती हाकणारे यांत मुसलमान कितीतरी होते.

आणि सर्कशीच्याही आधी गावोगाव जनावरांचे खेळ दाखवणारे होतेच. माकड नाचवणारे मदारी, अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी, उत्तरेत कलंदर. या बिरादऱ्या मुसलमान. दरवेशी म्हणजे खरंतर फकीर, पण मराठीत तो शब्द अस्वलवाल्यालाच चिकटला. माझ्याकडचं उभं अस्वल बहुतेक सर्कशीचं नाहीच, दरवेशाचं आहे. त्याच्या नाकात बारीक छिद्र आहे आणि छिद्रात गंजलेल्या तारेचा तुकडा. खऱ्या अस्वलाच्या नाकात वेसण घालून जे करत ते त्या कारागिराने जसंच्या तसं लाकडात उतरवलंय. मुलाने त्या तारेला दोरा बांधून ते ओढावं, ही योजना. हे खेळणं हातात घेतलं की मला ते आवडतही नाही आणि टाकवतही नाही.

आता आमच्या शिक्षक मित्रांचा प्रश्न, पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पिठोरी अमावस्येला बैलांचा पोळा असतो, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुलांचा तान्हा पोळा. मुलं चाकं लावलेला लाकडी बैल सजवून, दोरी धरून घरोघर नेतात आणि घरोघर त्यांना खाऊ नाहीतर पैसे मिळतात. त्याला बोजारा म्हणतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांशी, दुसऱ्या रघुजींच्या काळाशी (१७८८ ते १८१६) जोडली जाते. नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यातला माणसाहून उंच लाकडी बैल आजही त्या दिवशी बाहेर निघतो. महाराष्ट्राच्या इतर भागांत पोळा आहे, बेंदूर आहे, पण लाकडी बैलांचा असा मुलांचा सण ही आमची विदर्भाची चीज.

आमच्यात पोळा असतो का? ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याच्यात असतो. मुसलमान शेतकऱ्याची जोडीही गावात तोरणाखाली उभी राहते, झूल आणि बेगड लावून. आणि माझ्या नानांच्या घरी पोळा होता तो वेगळ्या कारणाने. नाना बल्लारपूरला आरा मशीनवर होते. बल्लारपूर म्हणजे सागवानाचा समुद्र, आलापल्लीच्या जंगलातलं लाकूड तिथल्या डेपोत येतं. पोळ्याच्या महिनाभर आधी नाना सागाची तुकडी-टाकडी घरी आणायचे आणि रात्री बैल बनवायचे. मान आणि धड एका तुकड्यातून, पाय वेगळे ठोकलेले, शिंगं चिंचेच्या फांदीची. अम्मी सांगते की मोहल्ल्यातली सगळी पोरं, कुणब्यांची, तेल्यांची, आमची, दाराशी रांग लावायची. नानांनी बनवलेल्या बैलांवर नानांचं नाव नव्हतं. नाव टाकायचं असतं हे त्यांना सुचलंही नसणार. आज चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्या घरात माळ्यावर त्यांचा एखादा बैल असेल, तर तो बघून कुणी म्हणणार नाही की हा एका पाच वक्त नमाजी माणसाच्या हातचा आहे.

हे फक्त नानांचं नाही. कर्नाटकातलं चन्नपट्टण घ्या. तिथली लाखेची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तिथली परंपरा टिपू सुलतानाने इराणहून बोलावलेल्या कारागिरांशी जोडतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावस मियां या कारागिराने जपानी खेळण्यांचं तंत्र शिकून ती कला पुन्हा उभी केली, म्हणून चन्नपट्टणात त्यांना या धंद्याचे जनक मानतात. तिथे खरादावर बसणाऱ्यांत आजही मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. टिपूचाच तो प्रसिद्ध लाकडी वाघ, गोऱ्या सोजिराच्या छातीवर बसलेला, आत बाजा बसवलेला, मूठ फिरवली की वाघ गुरगुरतो आणि सोजीर विव्हळतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो उचलून नेला. आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. टिपूचं नाव जगाला माहीत आहे. लाकूड कोरणाऱ्याचं नाव तिथेही नाही.

आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीचे चितारी लाकडी खेळणी करतात. त्यांची पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आणि जनावरं बहुतेकांनी पाहिलेली असतात. आंध्रात कोंडापल्ली आहे. या सगळ्यांत लाखेचं काम ओळखायची एक सोपी खूण सांगते, कारण बाजारात 'अँटिक' म्हणून काहीही विकतात. खरादावर लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्याला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडात बसते. वरून केवड्याच्या किंवा ताडाच्या पानाने दाबून घासलं की चकाकी येते. अशा रंगाचे पापुद्रे सुटत नाहीत, तो झिजतो. ऑइल पेंट असेल तर कडेला पापुद्रा नखाने उचलतो. माझ्या दोन घोड्यांपैकी एक लाखेचा आहे, म्हणजे खरादावरचा, बहुधा दक्षिणेकडून आलेला. दुसरा आणि हत्ती, दोघेही सुरी-किकऱ्याने कोरलेले, वर ऑइल पेंट. लाकूड साग. म्हणजे ते इथलेच असावेत असं मी धरून चालते. १९२९ मध्ये बल्लारशहा-काझीपेठ रेल्वे जोडली गेली आणि दिल्ली-मद्रास सरळ लाइन आमच्या भांदक स्टेशनवरून जाऊ लागली. सर्कस रेल्वेवर जगते. तंबू, पिंजरे, हत्ती एवढा संसार बैलगाडीने फार लांब जात नाही. चौरंगावर पाय ठेवलेला हत्ती आमच्या सुताराला बघायला मिळाला असेल तर तो बहुधा याच रुळांमुळे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपलं आयुष्य असल्याच घरगुती वस्तू जमवण्यात घालवलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. ते १९९० मध्ये गेले. वीस हजारांच्या आसपास वस्तू एका माणसाने जमवल्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात, पण बाईच्या हातातला अडकित्ता सुंदर असतो हे केळकरांना दिसलं. ते स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचे बहुतेक कर्तेही अज्ञातवासीच.

जमवणाऱ्याचं नाव राहतं, करणाऱ्याचं जातं. राजाचं नाव राहतं, सुताराचं जातं. मुसलमानांच्या बाबतीत हे जाणं दुप्पट होतं, कारण नंतर कुणीतरी येऊन विचारतो, तुमचा काय संबंध? आणि आपल्यापैकीच कुणीतरी म्हणतो, हो, आपला संबंध नाहीच. नाव लिहिलेलं नसलं की दोघांचंही खरं वाटायला लागतं. म्हणून मी खालांवर रागावत नाही आणि शिक्षक मित्रांवरही नाही.

सर्कशीची खरी जनावरं आता तंबूत नाहीत. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दरवेशांची अस्वलंही गेली. बंदी योग्यच होती. वेसणीचं ते भोक ज्याने पाहिलंय तो दुसरं काही म्हणणार नाही. पण अस्वलं सुटली तशी माणसंही धंद्यातून सुटली, आणि त्यांचं पुढे काय झालं हे विचारणारे कमी निघाले. मग २०११ मध्ये त्याच यादीत आणखी एक जनावर आलं, बैल. त्यावरून शंकरपट आणि जल्लीकट्टूची कोर्टबाजी झाली, २०१४ मध्ये बंदी, २०२३ मध्ये राज्यांनी केलेले कायदे मान्य होऊन परवानगी. विदर्भाच्या शंकरपटवाल्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. पण सरकारी कागदावर सर्कशीचा सिंह आणि आपला पोळ्याचा बैल एका ओळीत उभे राहिले, ही गोष्ट मला माझ्या कपाटाकडे बघताना नेहमी आठवते. तिथेही ते शेजारी शेजारीच असतात.

वाघाचं मात्र आमच्याकडे वेगळं आहे. मोहर्लीचं गेट आमच्याच तालुक्यात. ताडोब्याचा वाघ बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात, आणि आमची काही मुलं जंगलाकडेच्या गावातून शाळेत येतात तेव्हा त्यांना तो फुकट दिसतो, नको असताना दिसतो. मोहरममध्ये अंगावर पट्टे रंगवून वाघ झालेली माणसं आम्ही लहानपणी पाहिली. माझ्याकडचा लाकडी वाघ चार चाकांवर आहे, तोंड उघडं, जीभ लाल, पट्टे पांढऱ्या अंगावर काळे. पिवळा रंग बहुधा संपला असेल. एका मुलाने वर्गात तो हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "टीचर, इसने शेर देखा नहीं है." मी विचारलं कशावरून. म्हणाला, शेपूट बघा, खरा वाघ शेपूट अशी धरत नाही. त्याच्या आजोबांची बकरी वाघाने नेली होती. सर्कस पाहिलेला सुतार आणि वाघ पाहिलेला मुलगा, दोघांत मुलाचा शब्द मी प्रमाण मानते.

या वर्षी पोळ्याच्या सुट्टीत मी सातवीच्या मुलांना गृहपाठ दिला. आपल्या किंवा शेजारच्या घरी लाकडी बैल, घोडा, गाडी, काहीही असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारायचं की ते कुणी बनवलं. नाव, गाव, जमलं तर साल. बाजारातून आणलं असेल तर कुठल्या बाजारातून, किती रुपयांना. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, ज्याला जसं येतं तसं. सदतीस वह्या परत आल्या. अकरा जणांनी लिहिलं, 'मालूम नहीं' किंवा 'माहीत नाही'. काहींनी दुकानाचं नाव लिहिलं. नऊ वह्यांत माणसाचं नाव मिळालं, त्यातल्या चौघांचा पत्ताही. एका मुलीने बैलाचं चित्र काढून त्याखाली लिहिलं की हा बैल रेल्वे फाटकाजवळच्या बढई चाचांनी बनवला, तिच्या अब्बूंसाठी, ते दुसरीत होते तेव्हा. चाचा आता बसूनच असतात, हात थरथरतो. खाली कंसात तिने एक ओळ जास्त लिहिली होती, ती मी विचारलीच नव्हती: चाचा म्हणाले, शिंगं पुन्हा बसवायची असतील तर घेऊन या, अजून जमतात.